समुद्रस्पंजातील जिवाणू आणि कुत्र्या-मांजरांच्या दुर्मीळ आजारांचे निदान

अंबरनाथचे नाव निघाले की शके ९८२ मधील शिलाहारकालीन शिवमंदिर आठवते, विम्कोचा काडेपेट्यांचा कारखाना आठवतो, आयुध निर्माणी आठवते आणि त्यानंतर रसायने व औषधे तयार करणारी एमआयडीसी. समुद्र येथून दिसत नाही. तरीही या गावाचे समुद्राशी एक नाते आहे. मुंबईच्या नौदल गोदीत सुरू झालेली आणि पुढे संरक्षण संशोधन व विकास संस्थेच्या छत्राखाली आलेली नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळा आज अंबरनाथला आहे. जहाजांचे धातू, गंज आणि रंग हे तिच्या कामाचे विषय. जहाजाच्या बुडाला लावायचा रंग हा त्यांतला एक जुना आणि अवघड प्रश्न होय. समुद्रात बुडालेल्या कोणत्याही वस्तूवर प्रथम जिवाणूंचा बुळबुळीत थर चढतो. त्यामागून शेवाळ येते, मग खडकांना चिकटणारे कवचधारी जीव येतात. जहाज जड होते, वेग घटतो आणि इंधन अधिक जळते. हे थांबविण्यासाठी वापरले जाणारे कथिलयुक्त विषारी रंग सागरी जीवसृष्टीला इतके घातक ठरले, की आंतरराष्ट्रीय करारान्वये २००८ पासून त्यांच्यावर बंदी आली.

बिनविषारी पर्यायाच्या शोधात जगभरच्या शास्त्रज्ञांचे लक्ष ज्या जिवांकडे गेले, त्यांत समुद्रस्पंज अग्रभागी आहे. स्पंज आयुष्यभर एका जागी खिळलेला असतो. त्याला पळता येत नाही, कवच नाही, दात नाहीत. असे असूनही अनेक स्पंजांचे अंग स्वच्छ राहते. त्यांवर कोणी वस्ती करीत नाही आणि मासेही सहसा त्यांच्या वाटेला जात नाहीत. याचे कारण त्यांच्या अंगातील रसायने. याच रसायनांच्या अभ्यासातून पुढे औषधांचे एक घराणे उभे राहिले आणि त्यातील दोन औषधे आज कुत्र्या-मांजरांच्या अशा आजारांत वापरली जातात, ज्यांचे निदान करताना अनुभवी पशुवैद्यकही चाचपडतात.

स्पंज ही वनस्पती की प्राणी, याबद्दल एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत एकवाक्यता नव्हती. या वादात मुंबईचा वाटा मोठा आहे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील शल्यवैद्य आणि रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे कार्यवाह हेन्री जॉन कार्टर यांनी मुंबई बेटावरील तलावांत वाढणाऱ्या गोड्या पाण्यातील स्पंजांचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास केला. १८४८ आणि १८४९ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधांत या स्पंजांच्या जाती, त्यांची रचना आणि त्यांचे प्राणित्व यांची चर्चा आहे. निवृत्तीनंतर इंग्लंडला परतल्यावर कार्टर स्पंजशास्त्रातले एक मोठे नाव झाले. ज्या तलावांनी त्यांना हा विषय दिला, त्यांतले बरेचसे मुंबईने पुढे बुजवून टाकले.

स्पंजाच्या शरीरात इंद्रिये नाहीत, मज्जासंस्था नाही. असतात ती असंख्य छिद्रे, नलिका आणि पाणी आत ओढणाऱ्या चाबकासारख्या केसांच्या पेशी. दिवसभरात हजारो लिटर पाणी गाळून तो त्यातील जिवाणू खातो. गंमत अशी, की जिवाणू खाणाऱ्या याच प्राण्याच्या अंगात जिवाणूंची दाट वस्ती असते. काही जातींत स्पंजाच्या एकूण आकारमानाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक भाग सहजीवी जिवाणूंनी व्यापलेला आढळतो. स्पंजाला अन्न कोणते आणि भाडेकरू कोण, हे बरोबर कळते. भाडे म्हणून या जिवाणूंकडून मिळते ते विष.

स्पंजातून काढलेली कित्येक रसायने प्रत्यक्षात स्पंज तयार करीतच नाही, ती त्याच्या पोटातील जिवाणू तयार करतात, ही शंका बरीच जुनी होती. तिला आधार मिळाला तो एका अनपेक्षित ठिकाणी. पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा आणि अंगावर चिरडला गेला तर भाजल्यासारखा चट्टा उठविणारा ‘पेडेरस’ नावाचा बारीक किडा आपल्याकडील त्वचारोगतज्ज्ञांच्या परिचयाचा आहे. त्याच्या अंगातील ‘पेडेरिन’ हे विष तो स्वतः नव्हे, तर त्याच्यातील सहजीवी जिवाणू बनवितो. पेडेरिनच्याच घराण्यातील रसायने समुद्रस्पंजांत सापडली होती. जमिनीवरचा किडा आणि समुद्रतळाचा स्पंज यांचे कसलेही नाते नसताना दोघांत एकच विष का असावे, याचे उत्तर जिवाणूंमध्ये होते. २०१४ मध्ये ‘एन्टोथिओनेला’ या स्पंजनिवासी जिवाणूच्या जनुकांचा उलगडा झाला, तेव्हा ‘थिओनेला’ या स्पंजातील बहुतेक औषधी रसायनांचा कर्ता हा एकच जिवाणू असल्याचे दिसून आले.

जिवाणूंच्या पोटी औषध शोधण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठच्या दशकात ‘हॅमायसिन’ हे बुरशीनाशक शोधले. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळाले, त्याचे नावच ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’. मातीतील अशा सूक्ष्मजीवांनी विसाव्या शतकाला बहुतेक सारी प्रतिजैविके दिली. पुढे तीच तीच रसायने पुन्हा सापडू लागली आणि शोध समुद्राकडे वळला. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफमधील एका स्पंजात वाढणारा ‘सॅलिनिस्पोरा’ जिवाणू क्षयरोगावरील रिफाम्पिसिनचे मूळ असलेले ‘रिफामायसिन’ तयार करतो, असे शास्त्रज्ञांना आढळले. तोवर हे द्रव्य मातीतल्या जिवाणूची मिरास समजले जात होते.

फ्लोरिडाचा स्पंज

औषधांचे जे घराणे येथे अभिप्रेत आहे, त्याची सुरुवात १९४५ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्यालगत गोळा केलेल्या ‘टेक्टिटेथिया क्रिप्टा’ या स्पंजापासून झाली. येल विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ वेर्नर बर्गमान यांनी रॉबर्ट फीनी यांच्यासह त्यातून स्पंजोथायमिडिन आणि स्पंजोयुरिडिन ही द्रव्ये वेगळी केली व १९५० पासून त्यांविषयी लेखन केले. ही द्रव्ये न्यूक्लिओसाइड गटातील, म्हणजे डीएनए आणि आरएनए ज्या विटांनी बांधले जातात तशाच विटा होत्या. त्यांच्यातील साखर मात्र निराळी होती. डीएनए-आरएनएमध्ये रायबोज वा डीऑक्सिरायबोज ही साखर असते. येथे होती ॲराबिनोज. फरक एवढाच, की एका कार्बनवरील ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी खाली असण्याऐवजी वर होती.

या किरकोळ भासणाऱ्या फरकाचे महत्त्व पेशीच्या दृष्टीने फार मोठे आहे. नवा डीएनए बांधणारे विकर ही खोटी वीट खरी समजून उचलते, भिंतीत बसविते आणि पुढचे बांधकाम अडते. भराभर विभाजन पावणाऱ्या पेशींना याचा फटका सर्वाधिक बसतो. बर्गमान यांच्या शोधाच्या धर्तीवर १९५९ मध्ये अमेरिकेत ‘सायटाराबिन’ प्रयोगशाळेत बनविण्यात आले. १९६९ मध्ये त्याला तेथे मान्यता मिळाली आणि माणसांच्या रक्ताच्या कर्करोगात ते आजही पहिल्या फळीचे औषध आहे. त्याचेच भावंड असलेले ‘विडाराबिन’ १९७६ मध्ये विषाणूविरोधी औषध म्हणून आले. खोट्या विटेने विषाणूचे बांधकाम अडविता येते, या कल्पनेला त्यानंतर बहर आला.

याच फ्लोरिडाच्या स्पंजातून बर्गमान यांना ‘स्पंजोसिन’ नावाचे आणखी एक द्रव्य मिळाले होते. त्या स्पंजात राहणारा ‘व्हिब्रिओ हार्वेयी’ हा जिवाणू एकटा वाढविला तरी स्पंजोसिन तयार करतो, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. म्हणजे या घराण्याच्या मुळाशीही, निदान एका शाखेपुरता, जिवाणूच निघाला.

पगचा मेंदू

२००३ मध्ये हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एका लहान मुलाच्या मागे मागे फिरणारा पग जातीचा कुत्रा झळकला आणि भारतीय शहरांत या जातीला अमाप मागणी आली. चपट्या नाकामुळे पगला श्वासाचा त्रास होतो, हे आता बहुतेक पाळणाऱ्यांना कळून चुकले आहे. त्याच्या मेंदूच्या एका आजाराची माहिती मात्र फार थोड्यांना असते. तरुण वयात, अनेकदा तीन वर्षांच्या आत, एखाद्या पगला अकस्मात झटके येऊ लागतात. तो एकाच दिशेने गोल फिरतो, भिंतीला डोके टेकून उभा राहतो, त्याला दिसेनासे होते. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती मेंदूवर उलटते आणि मेंदूचा भाग नासत जातो. १९८९ मध्ये पगमधील या विकाराचे सविस्तर वर्णन झाले. माल्टीज, चिवावा, यॉर्कशायर टेरिअर या लहान जातींतही त्याचे सगेसोयरे आजार आढळतात. पगच्या बाबतीत प्रतिकारशक्तीच्या विशिष्ट जनुकांशी त्याचा संबंध जोडला गेला आहे. मर्यादित रक्तरेषेत पैदास होत राहिली, की असे दोष घट्ट बसतात.

निदानाची खरी कसोटी येथे लागते. झटके येणारा कुत्रा समोर आला असता भारतातील पशुवैद्यकाने सर्वप्रथम विचार करायचा तो रेबीजचा. कुत्रा पाळलेला आहे, गळ्यात पट्टा आहे, घरच्यांना ओळखतो, यामुळे ही शक्यता रद्द होत नाही. लसीकरणाची नोंद पाहणे, कोणाला चावा किंवा लाळ लागली का ते विचारणे आणि हातमोजे घालणे हे आधी. त्यानंतर डिस्टेंपर. लस न टोचलेल्या पिल्लांत मेंदूपर्यंत पोचणारा हा विषाणू आपल्याकडे मुळीच दुर्मीळ नाही. मग गोचिडांमुळे होणारे आजार येतात. कानाच्या टोकातून घेतलेल्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर बबेसियाचे परजीवी तांबड्या पेशींत दिसू शकतात. कुत्र्यांतील ‘बबेसिया गिब्सोनी’ हा परजीवी १९१० मध्ये प्रथम भारतातूनच वर्णिला गेला होता.

अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर या पट्ट्यात आणखी दोन प्रश्न विचारावेच लागतात. पहिला, पुराचे पाणी. २६ जुलै २००५ रोजी उल्हास नदीच्या पुराने बदलापूरची दैना उडविली, २०१९ च्या जुलैत बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. अशा पाण्यानंतर कुत्र्याला कावीळ झाली आणि लघवी कमी झाली, तर लेप्टोस्पायरोसिसची शंका घ्यावी लागते. रक्तजलाच्या तपासणीत लसीमुळे तयार झालेली प्रतिपिंडे गोंधळ घालतात. म्हणून लस केव्हा टोचली ही तारीख तपासनिसाला सांगणे आवश्यक ठरते. दुसरा प्रश्न रसायनांचा. वालधुनी नदी कारखान्यांच्या सांडपाण्यामुळे वर्षानुवर्षे बातम्यांत आहे. नाल्याचे पाणी पिणारा, कारखान्याच्या आवारात राखणीला ठेवलेला किंवा गॅरेजमध्ये फिरणारा कुत्रा एकाएकी झिंगल्यासारखा चालू लागला, तर मेंदूच्या दुर्मीळ आजाराआधी विषबाधेचा विचार करावा. इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवातील आणि अनेक उद्योगांत वापरले जाणारे एथिलिन ग्लायकॉल चवीला गोडसर असते. मांजराच्या दृष्टीने त्याची प्राणघातक मात्रा दर किलो वजनाला अवघी दीड मिलिलिटरच्या आसपास आहे. लघवीत सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक हा त्याचा सुगावा. हे निदान काही तासांत झाले तरच उपयोगाचे, कारण त्यानंतर मूत्रपिंडे निकामी होतात.

दुर्मीळ आजाराचे निदान म्हणजे काहीतरी विलक्षण शोधून काढणे, असा समज आहे. प्रत्यक्षात ते बव्हंशी नेहमीच्या आजारांना एकेक करून बाद ठरविण्याचे कंटाळवाणे काम असते. ते टाळून थेट दुर्मीळाकडे धावणे म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. हे सारे बाद ठरले, एमआरआयमध्ये मेंदूचे ठराविक भाग दाहाने उजळलेले दिसले आणि मणक्यातून काढलेल्या पाण्यात पांढऱ्या पेशी व प्रथिने वाढलेली आढळली, म्हणजे पगच्या त्या आजाराचे निदान ‘संभाव्य’ ठरते. ‘निश्चित’ ठरण्यासाठी मेंदूचा तुकडा लागतो आणि तो बहुधा मृत्यूनंतरच मिळतो. उपचार मात्र संभाव्य निदानावरच सुरू करावे लागतात. स्टिरॉइडच्या जोडीला दिले जाणारे एक प्रमुख औषध म्हणजे सायटाराबिन. ते मेंदूपर्यंत पोचते आणि तेथे उलटलेल्या पांढऱ्या पेशींना आवर घालते. काही कुत्रे या उपचारांवर वर्षानुवर्षे जगतात, काही थोड्या दिवसांत जातात. सायटाराबिन हे कर्करोगाचे औषध असल्याने ते चालू असताना कुत्र्याची लघवी-विष्ठा साफ करताना घरच्यांनी हातमोजे वापरावेत, ही सूचना अनेकदा द्यायची राहून जाते. आणि कुत्र्याला मुळात डिस्टेंपर किंवा गोचीडताप असेल, तर प्रतिकारशक्ती दाबणारे हेच उपचार त्याच्या जिवावर बेततात. चुकीच्या निदानाची किंमत ही अशी असते.

मांजराच्या पोटातले पिवळे पाणी

मांजरांचा ‘फेलाइन इन्फेक्शस पेरिटोनायटिस’, संक्षेपाने एफआयपी, हा आजार १९६३ मध्ये बोस्टनच्या जीन होल्झवर्थ यांनी प्रथम नोंदविला. त्याचे मूळ मांजरांच्या आतड्यात राहणाऱ्या कोरोना विषाणूत आहे. हा विषाणू विष्ठेतून पसरतो. जेथे अनेक मांजरे एकत्र राहतात, तेथे बहुतेकींच्या पोटात तो असतो आणि फार तर थोडे जुलाब होतात. थोड्या मांजरांच्या शरीरात मात्र त्याच्यात बदल घडतो आणि तो आतडे सोडून पांढऱ्या पेशींत शिरतो. मग ताप येतो आणि प्रतिजैविकांना दाद देत नाही. मांजर वाळत जाते, पोट मात्र पाण्याने फुगते किंवा छातीत पाणी साचून धाप लागते. काही मांजरांत पाणी न होता डोळ्यांत आणि मेंदूत दाह होतो. आजारी मांजरांतली बहुसंख्य दोन वर्षांच्या आतली असतात. उपचार नसताना पाणी झालेली मांजरे निदानानंतर बहुधा काही दिवसांत किंवा आठवड्यांत दगावत.

याचे निदान अवघड होण्याचे कारण विचित्र आहे. विषाणू शोधणे कठीण नाही, उलट तो जागोजागी सापडतो. रक्तात कोरोना विषाणूची प्रतिपिंडे मिळाली, तर मांजराची त्या विषाणूशी कधीतरी गाठ पडली होती एवढेच सिद्ध होते. निरोगी मांजरांतही ती असतात. केवळ या चाचणीच्या आधारे किती मांजरांना एफआयपी ठरवून कायमची झोप दिली गेली असेल, याची गणती कोणी ठेवलेली नाही.

त्यामुळे पुरावा तुकड्यातुकड्याने जुळवावा लागतो. रक्तातील अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिन या प्रथिनांचे गुणोत्तर ०.४ च्या खाली असेल तर संशय बळावतो, ०.८ च्या वर असेल तर मावळतो. पोटातील पाणी गवती पिवळे, चिकट आणि प्रथिनांनी भरलेले असते, पण त्यात पेशी तुलनेने थोड्या असतात. आणि मग येते रिव्हाल्टा चाचणी, जिच्यासाठी यंत्र लागत नाही. काचेच्या नळीत सुमारे आठ मिलिलिटर शुद्ध पाणी घ्यायचे, त्यात तीव्र ॲसेटिक आम्लाचा एक थेंब मिसळायचा आणि मांजराच्या पोटातून काढलेल्या पाण्याचा एक थेंब अलगद वर सोडायचा. थेंब विरघळून पाणी स्वच्छ राहिले, तर एफआयपीची शक्यता फारच कमी. थेंब आपला आकार टिकवून वर लटकत राहिला किंवा जेलीफिशसारखा सावकाश खाली उतरला, तर चाचणी होकारार्थी. तिच्या होकारापेक्षा नकार अधिक विश्वासार्ह आहे, कारण जिवाणूंमुळे पोटात पू झाला असता किंवा लिम्फोमा या कर्करोगातही थेंब तसाच तरंगतो. पाण्यातील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, की ही गल्लत पुष्कळदा टळते. पाण्यातील विषाणूची पीसीआर तपासणी पुरावा आणखी घट्ट करते. अखेरचा शब्द असतो तो ऊतींमधील पांढऱ्या पेशींच्या आत विषाणू रंगवून दाखविणाऱ्या तपासणीचा.

एफआयपीवर औषध नाही, हे वाक्य अर्धशतक पाठ्यपुस्तकांत होते. ते खोडले गेले २०१८-१९ मध्ये. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यक शाखेत नील्स पेडरसन आणि सहकाऱ्यांनी ‘जीएस-४४१५२४’ हे न्यूक्लिओसाइड नैसर्गिकरीत्या एफआयपी झालेल्या ३१ मांजरांना दिले. सुरुवातीलाच पाच दगावली. उरलेल्या २६ जणींनी बारा आठवड्यांचे उपचार पूर्ण केले. काहींना आजार उलटल्याने पुन्हा उपचार द्यावे लागले, पण अखेर २५ मांजरे दीर्घकाळ जगली. हे द्रव्य म्हणजे २०२१ च्या एप्रिलमध्ये ज्या इंजेक्शनसाठी महाराष्ट्रभर रुग्णांच्या नातेवाइकांनी रांगा लावल्या, त्या रेमडेसिव्हिरचे शरीरात तयार होणारे मूळ रूप. याचीही तऱ्हा तीच, खोट्या विटेची. येथे साखर रायबोजच आहे, तिच्यावर एक सायनो गट जोडला आहे. विषाणूचे विकर ही वीट बसविते, आणखी दोन-तीन विटा रचते आणि थबकते. हे द्रव्य स्पंजातून काढलेले नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. स्पंजाकडून आली ती कल्पना. रेणू माणसाने रचला.

माणसांच्या औषधाच्या मान्यतेत अडचण येऊ नये म्हणून मूळ कंपनीने ते मांजरांसाठी उपलब्ध करून दिले नाही, असे मानले जाते. परिणामी २०१९ पासून बिनलेबलाच्या बाटल्यांचा आंतरराष्ट्रीय काळाबाजार सुरू झाला. बाटलीवर लिहिलेले आणि आतले प्रमाण जुळेल याची खात्री नव्हती, तरीही मांजरे वाचत होती आणि पाळणारे जोखीम पत्करत होते. ब्रिटनमध्ये २०२१ पासून ते पशुवैद्यकामार्फत रीतसर मिळू लागले, अमेरिकेत २०२४ पासून. २०२३ मध्ये सायप्रस बेटावर कुत्र्याच्या कोरोना विषाणूचा अंश मिसळलेल्या नव्या विषाणूने मांजरांत साथ पसरविली, तेव्हा तेथील सरकारने माणसांसाठी साठविलेली कोविडची औषधे मांजरांसाठी खुली केली. उपचारांचा काळ बराच काळ ८४ दिवसांचा धरला जाई. पाणी झालेल्या मांजरांत ४२ दिवसही तेवढेच गुणकारी ठरतात, असे म्युनिकच्या संशोधकांनी २०२४ मध्ये दाखविले.

औषध आले म्हणून निदान सोपे झाले का? एका अर्थी झाले. देऊन पाहावे, दोन-चार दिवसांत ताप उतरला आणि मांजर खाऊ लागले तर एफआयपी, असा व्यवहार आता रूढ होत आहे. पण कोरड्या खोकल्याप्रमाणे प्रत्येक तापाला हे औषध देत सुटणे धोक्याचे आहे. पोटात पू असलेल्या मांजराचा त्यात आठवडा वाया जातो, लिम्फोमा असलेल्याचा महिना. अर्धवट मात्रेने विषाणू औषधाला निर्ढावण्याची भीतीही आहे. रिव्हाल्टाची नळी आणि सूक्ष्मदर्शक यांना अजून निवृत्ती नाही.

रेणू आणि नमुना

समुद्रातून औषध काढण्यातली मुख्य अडचण प्रमाणाची. जपानमधील संशोधकांनी १९८० च्या दशकात ६०० किलो स्पंजातून ‘हॅलिकॉन्ड्रिन बी’ मिळविले, ते भरले १२.५ मिलिग्रॅम. एवढ्यासाठी समुद्रतळ खरवडणे शक्य नाही आणि योग्यही नाही. सहजीवी जिवाणू वाढवावेत, तर त्यांतले बहुसंख्य प्रयोगशाळेत वाढायला तयार नसतात. म्हणून उरतो तो रासायनिक संश्लेषणाचा मार्ग. हॅलिकॉन्ड्रिनची सुटसुटीत केलेली प्रतिकृती ‘एरिब्युलिन’ साठहून अधिक रासायनिक पायऱ्यांनी बनते आणि २०१० पासून स्तनांच्या कर्करोगात वापरली जाते. सायटाराबिन आणि रेमडेसिव्हिरही अशाच भट्ट्यांतून येतात. मे २०२० मध्ये रेमडेसिव्हिरचे परवाने भारतीय कंपन्यांना मिळताच काही आठवड्यांत उत्पादन सुरू झाले. ते शक्य झाले, कारण रेणू पायरीपायरीने रचण्याचे कसब या देशात होते. अंबरनाथ, तारापूर, महाड, लोटे परशुराम येथील औद्योगिक वसाहतींची दशकांची कमाई ती हीच. त्याच कमाईचे सांडपाणी वालधुनीत उतरले, हेही तितकेच खरे.

रेणू रचण्याची क्षमता गावात असली, तरी निदानाची वाट मात्र अजून मुंबईकडे जाते. परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राणी रुग्णालय १८८३ चे आणि त्याच आवारातील मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ चे. २००० पासून ते नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे. महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांचे रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झाले. अंबरनाथहून लोकलने मुंबई साठ किलोमीटर. धाप लागलेल्या मांजराला हा प्रवास झेपत नाही, पण नमुन्याला झेपतो. म्हणून स्थानिक दवाखान्यात नमुना नीट घेतला जाणे हेच पुष्कळदा निर्णायक ठरते.

पेशी मोजण्यासाठीचे रक्त न गोठणाऱ्या, जांभळ्या बुचाच्या नळीत आणि प्रथिनांसाठीचे साध्या नळीत घ्यावे. पोटातील पाणी दोन्हींत ठेवावे. प्रतिजैविक वा स्टिरॉइड सुरू करण्यापूर्वीच नमुना घेतलेला बरा, कारण स्टिरॉइडच्या दोन इंजेक्शनांनंतर लिम्फोमाच्या पेशी आणि मेंदूचा दाह दोन्ही काही काळ दडून बसतात. सोबतच्या चिठ्ठीत वय, लसींच्या तारखा, घरातील इतर प्राणी, गोचीड, पुराचे पाणी, आसपासचे कारखाने आणि आधी दिलेली औषधे यांचा उल्लेख हवा. ‘ताप, खात नाही’ एवढ्या दोन शब्दांवर परळच्या तज्ज्ञाला फारसे काही सांगता येत नाही.

आणि प्राणी दगावलाच, तर शवविच्छेदनाची विनंती करण्यात संकोच नसावा. देह बर्फात ठेवून त्वरेने पोचवावा. तो फ्रीझरमध्ये गोठवू नये, कारण गोठलेल्या ऊतींतील पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसत नाही. लांब न्यायचे नसेल तर अवयवांचे लहान तुकडे त्यांच्या दहापट फॉर्मलिनमध्ये ठेवून पाठविता येतात. रेबीजचा संशय असेल तर मेंदूचा नमुना प्रशिक्षित पशुवैद्यकानेच घ्यावा, घरच्यांनी देहाला उघड्या हातांनी स्पर्श करू नये. घरात दुसरे मांजर किंवा त्याच वेतातले दुसरे पिल्लू असेल, तर या अहवालाचा पहिला उपयोग त्याला होतो.